पुस्तकं आईची, परीक्षा पोराला कशाला?

प्रश्न : नमस्कार ताई. मी बेळगावची, आम्ही वडगावात राहतो. वय ३७. मिस्टरांचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे, सासरे (आम्ही आप्पा म्हणतो) मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, सासूबाई आहेत, मुलगा नऊ वर्षांचा, चौथीला. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर चिनी सिरियल बघायला लागले, सबटायटल वाचत वाचत, आणि तिथून पुस्तकांत कधी शिरले ते कळलंच नाही. आता पहाटे पाचला उठून ब्रशने चिनी अक्षरं गिरवते, बिनदुधाचा चहा करते, इंग्रजीतून त्यांच्या जुन्या कादंबऱ्या वाचते. घरात सगळे म्हणायला लागले हे काय खूळ, म्हणून मी सांगितलं की पोराच्या फ्युचरसाठी शिकतेय, पुढं त्याला जॉबला उपयोग होईल. मग त्यालाही रोज अर्धा तास बसवायला लागले, फ्रीज, दार, कपाट, सगळीकडं चिनी शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या. खरं आता तो कंटाळा करतोय, कन्नडमध्ये मार्क्स कमी आले, शाळेत पोरं त्याला 'चिंकी' म्हणतात. चिनी नववर्षाला मी दारावर लाल कागद लावला होता, शुभ असतो म्हणून, तो आप्पांनी काढून फाडला आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मिस्टर मध्ये पडत नाहीत. मुलासाठी ऑनलाईन चिनी क्लास बघितलाय, महिना साडेतीन हजार. लावू की नको? की हे सगळंच बंद करू? आणि जाता जाता, त्या माकडाच्या प्रवासाचं पुस्तक ('जर्नी टू द वेस्ट') संक्षिप्त घेऊ की पूर्ण?
– एक आई, बेळगाव

उत्तर : क्लास लावू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा अर्धा जीव त्या साडेतीन हजारांत अडकायला नको.

आता बाकीचं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "म्हणून मी सांगितलं की पोराच्या फ्युचरसाठी शिकतेय", आणि सगळी भानगड तिथं सुरू झाली असं मला वाटतं. तुम्हाला एक गोष्ट मनापासून आवडली. पण आपल्याकडं घरातल्या बाईला एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून करता येत नाही ना, कारण लागतं, उपवास केला तर नवऱ्यासाठी, शिवणकाम शिकली तर चार पैसे येतील म्हणून, आणि चिनी शिकली तर पोराच्या फ्युचरसाठी. कारण दिलंत घरच्यांचं तोंड बंद करायला, पण एकदा दिलं की ते निभवायला लागतं, म्हणून पोराला बसवलंत, मग चिठ्ठ्या आल्या, आता क्लास. म्हणजे थाप तुमची आणि होमवर्क त्याला. राग मानू नका, थाप छोटीच होती आणि का मारलीत तेही कळतंय.

बरं, ते फ्युचरचं कारण तरी खरं आहे का बघा. २०१९ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनी होती, २०२० ला जे फायनल धोरण आलं त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन एवढ्यांची नावं आहेत आणि चिनी गायब. उद्या परत येईलही, दोन देशांचं काय सांगावं, पण नऊ वर्षांच्या पोराची संध्याकाळ त्यावर लावावी असं काही ते नाही. चिनीची ती एचएसके नावाची परीक्षा आहे, तिच्या पहिल्या पातळीला आधी १५० शब्द लागायचे, २०२१ च्या नव्या मापदंडात ते ५०० झाले. तिकडचं पोर सहावी संपेपर्यंत साधारण ३००० अक्षरं ओळखायला आणि २५०० लिहायला शिकतं, आणि ते कुठं, तर जिथं घरात, गल्लीत, बसमध्ये, दुकानाच्या पाटीवर दिवसभर तेच चालू असतं. तुमच्या पोराभोवती काय आहे? घरी मराठी, शाळेत इंग्रजी नाहीतर मराठी (मीडियम कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत), टीव्हीवर हिंदी, आणि २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकायलाच लागतं. महाराष्ट्रातल्या लोकांना हे सांगून कळत नाही, पण आपल्या भागातलं पोर तीन लिप्या उरावर घेऊन चौथी पास होतं. त्यात त्याला ही चौथी दिलीत, तीही अशी की दोन हजार अक्षरं पाठ झाल्यावर कुठं पेपर वाचता येतो. कंटाळणारच की तो. हुशार पोर पण कंटाळेल.

तेव्हा चिठ्ठ्या काढा. सगळ्या काढा असं नाही, तुम्ही जिथं बसता त्या कोपऱ्यातल्या राहू देत, त्या तुमच्या आहेत. फ्रीजवर आणि दारावर हवं तर कन्नड चिकटवा, ते त्याला उद्या पेपरात येणार आहे आणि उद्यमबागेत वडलांच्या धंद्यातही लागणार आहे. (कन्नड आली म्हणून आपली मराठी कमी होत नाही, हे इथं लिहिलं की मला शिव्या पडतात, पडू देत.) आणि त्याला स्पष्ट सांगा, बाळा उद्यापासून तुझा चिनीचा अर्धा तास बंद, खेळायला जा. "नापास झालास म्हणून बंद" असं चुकूनसुद्धा म्हणू नका, "ते माझं होतं, तुला उगाच बसवलं" असं म्हणा.

मग पोराला यातलं काहीच द्यायचं नाही का? द्यायचं की, पण गोष्ट द्यायची. त्यांच्याकडची माकडाची गोष्ट तुमच्या हाताशी आहे, सोळाव्या शतकातली, शंभर अध्यायांची, आणि पहिल्या सात अध्यायांत नऊ वर्षांच्या पोराला लागतं ते सगळं आहे. दगडातून माकड जन्मतं, विद्या शिकतं, समुद्रातल्या नागराजाकडून साडेतेरा हजार चिनी शेर वजनाचा लोखंडी सोटा उचलून आणतं आणि सुईएवढा करून कानात ठेवतं, स्वर्गात त्याला नोकरी देतात ती घोड्यांच्या तबेल्यातली, ते कळल्यावर ह्याचा इगो दुखावतो, मग देवांच्या बागेतले अमर करणारे पीच खाऊन टाकतं, सगळ्या स्वर्गाच्या फौजेला पुरून उरतं, आणि शेवटी बुद्ध त्याला डोंगराखाली पाचशे वर्षं दाबून ठेवतात. पुढं एक खादाड डुक्कर पण येतं गोष्टीत, पोरांना ते जास्त आवडतं असा माझा अंदाज. हे रात्री झोपताना मराठीत सांगा, तुमच्या बेळगावी मराठीत, एकही चिनी शब्द पाठ करायला न लावता. दुसऱ्या दिवशी "सांग बघू माकडाचं नाव काय" असली परीक्षा घ्यायची नाही. घेतलीत तर मला कळवू नका.

आणि ह्यात आप्पा आपोआप येतात बघा. कारण पोरगं दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारणारच, की सुन वुखोंग (म्हणजे ते माकड) आणि मारुतीची कुस्ती झाली तर कोण जिंकेल. ह्या प्रश्नावर चीनचे मोठे मोठे विद्वान भांडलेत, म्हणजे कुस्तीवर नव्हे, ते माकड आपल्या हनुमंतावरून आलं की नाही यावर. हू शी म्हणाले भारतातून आलं असणार, लू शुन म्हणाले छे, आमच्याकडच्याच एका जुन्या पाण्यातल्या राक्षसावरून आलंय. तो वाद काही अजून संपलेला नाही, पण तुमच्या घरात आप्पा एका मिनिटात निकाल लावतील आणि तो मारुतीच्या बाजूनं असेल, आणि तो तसाच राहू द्यायचा.

आता आप्पांचं जरा नीट बोलूया, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल दोनच वाक्यं आहेत आणि त्यातल्या एकात ते रागावलेले आहेत. जो माणूस आयुष्यभर लष्करात राहिला, ज्याच्या घरापासून रेजिमेंटचं सेंटर काही फार लांब नाही, त्याला १९६२ म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला धडा नसतो. जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले तेव्हा तुम्ही घरात होता, त्या वेळी ते कसे होते तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला पुस्तकातला चीन माहीत आहे, त्यांना बर्फातल्या सीमेपलीकडचा, आणि दोघंही खोटं बोलत नाही. पण दार त्यांचंही आहे. उंबरठ्यावर काय लावायचं हे घरातल्या थोरल्या माणसाला विचारून ठरतं, तोरण असो की लाल कागद. तेव्हा तेवढ्यापुरती माफी मागा. "आप्पा, दारावर लावायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." बास. त्याला जोडून "पण तुम्ही फाडायला नको होता" हे नको. ते खरं आहे, त्यांनी फाडायला नको होता, पण ते मिस्टरांनी सांगायचंय, त्यावर येते.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. एक, "तुमच्या हातातला मोबाईल कुठला आहे बघा" हे ऐकवू नका. हे प्रत्येक घरात कोणीतरी ऐकवतंच आणि त्यानं आजवर कुणाचं मत बदलल्याचं मला माहीत नाही, समोरचा फक्त जास्त चिडतो. दुसरं, डॉक्टर कोटणीसांना मध्ये आणू नका. तुम्हाला तो मोह होणार, कारण सोलापूरचा आपला माणूस, १९३८ ला काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांत तिकडं गेला, जपानशी चाललेल्या लढाईत जखमी सैनिकांवर ऑपरेशनं केली, तिथली भाषा शिकला, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ ला अवघ्या ३२ व्या वर्षी तिथंच गेला. शांतारामबापूंचा सिनेमा आप्पांनी तुमच्या आधी बघितलेला असणार. ते उदाहरण वादात पत्त्यासारखं टाकलं की त्याची किंमत जाते. कधी ते स्वतः काढतील विषय, तेव्हा बोला.

त्याऐवजी त्यांना दू फू ऐकवा. आठव्या शतकातला हा चिनी कवी (७१२ ते ७७०), आयुष्यात हाल फार, ७५५ ला मोठं बंड झालं त्यात देशोधडीला लागलेला. त्याची एक कविता आहे युद्धाच्या गाड्यांवर. सैनिक निघालेत, कमरेला बाण, आणि त्यांचे आईबाप, बायका, पोरं बाजूनं पळतायत, एवढी धूळ उडालीय की पुढचा पूल दिसत नाही, कपडे धरून, पाय आपटून वाट अडवून रडतायत. मग एकजण सांगतो की पंधराव्या वर्षी उत्तरेला पाठवलं ते चाळिशीपर्यंत सीमेवरच, जाताना गावच्या मुखियानं डोक्याला फडकं बांधून दिलं, परत आलो तर केस पांढरे, आणि पुन्हा सीमेवरच जायचंय. आणि शेवटी म्हणतो, मुलगे जन्माला घालण्यात काय अर्थ, मुलगी बरी, ती निदान शेजारी तरी नांदेल, मुलगा कुठंतरी गवताखाली जाणार. हे सगळं त्याच्याच देशाच्या राजाच्या मोहिमांबद्दल आहे बरं का, राजानं जमीन वाढवायची हाव धरली म्हणून. बेळगावच्या स्टेशनावर रंगरूट पोरांना सोडायला आलेली गावं आप्पांनी बघितली असतील, ते स्वतःही कधीतरी त्या डब्यात चढले असतील. हे तुम्ही मराठीत करा, पहाटेच्या वेळेत, जमेल तसं, कच्चंपक्कं, आणि एका संध्याकाळी त्यांना म्हणा, आप्पा हे बघा जरा, सैन्यातले शब्द बरोबर आहेत का. त्यांना पटवायचं नाही, फक्त विचारायचं, आणि ह्यात तुम्हाला खरोखरच त्यांची गरज आहे, कारण बाराशे वर्षांपूर्वीच्या शिपायाला मराठीत काय म्हणायचं हे माझ्यापेक्षा नि तुमच्यापेक्षा सुभेदाराला जास्त कळतं.

अजून एक आहे, हे पोरगं आणि आजोबा दोघांनाही चालेल. त्या माकडाच्या गोष्टीत पुढं एक भिक्षू येतो, तो खरा होता. आपण शाळेत ह्युएनत्संग म्हणून शिकलो तोच, भारतभर फिरून ६४५ ला चीनला परत पोचलेला. तो इकडं आला तेव्हा बदामीचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता, आणि त्यानं इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, आणि बदला घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून मग घेतात. हर्षवर्धनानं सगळीकडं जिंकलं पण हे लोक त्याला वाकले नाहीत हेही त्यानंच लिहिलंय. त्यानं ज्याला महाराष्ट्र म्हटलं त्याचा राजा आजच्या कर्नाटकातल्या बदामीचा, आता ह्यावर सीमाप्रश्नवाल्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. तुम्ही एका रविवारी गाडी काढा आणि बदामीला जा, सगळ्यांनी, लेणी बघा, तळ्याकाठी डबा खा. चिनी संस्कृतीचं लेक्चर द्यायचं नाही, पुलकेशीचं नाव निघालं की हे एवढं सांगायचं.

शाळेतल्या 'चिंकी'चं काय? ते चिठ्ठ्या काढल्यानं थांबेल असं नाही. क्लास टीचरना भेटून शांतपणे सांगा. पोराला पण सांगा की हा शब्द आपल्याच देशातल्या ईशान्येकडच्या लोकांना हिणवायला वापरतात, करोनाच्या वेळी तर फारच त्रास झाला त्यांना, म्हणून तो वाईट आहे, चीनशी संबंध जोडला म्हणून नव्हे.

मिस्टरांना माझा निरोप द्या. मध्ये पडत नाहीत म्हणजे नेमकं काय? बायकोचं आणि बापाचं बोलणं बंद असताना जेवून वर्कशॉपला जातात, एवढंच ना. त्यांच्या शेडमध्ये एखादं चिनी मशीन असेल तर त्याच्या बटणांवर काय लिहिलंय ते त्यांनी तुम्हाला कधी वाचायला दिलं नाही का, असा माझा एक भाबडा प्रश्न आहे. त्यांनी आप्पांना बाजूला घेऊन एवढंच सांगायचं की कागद तुम्ही काढून तिच्या हातात दिला असता तरी चाललं असतं. मुलानं सांगितलेलं बाप ऐकतो, सुनेनं सांगितलं की ते उलट उत्तर होतं.

आणि आता तुम्ही. सगळं बंद करू का म्हणता. कशाला? पहाटे पाच ते सहा कुणाचं काय बिघडतं? फक्त ह्यापुढं कुणी विचारलं हे कशासाठी, तर म्हणा, मला आवडतं. सुरुवातीला तोंडातून निघणार नाही, सासूबाई म्हणतील "आवडतं म्हणजे?", तेव्हा परत तेच म्हणायचं. शाई-कागदाच्या खर्चावरून कुणी बोलत असेल तर तिकडच्या बागांमधले म्हातारे करतात ते करा, मोठा ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढतात, वाळली की गेली, परत काढायची. तुमच्या मागच्या अंगणात कडप्पा असेल तर त्याच्यावर सुंदर दिसतील. आणि तो बिनदुधाचा चहा कडू होतो म्हणून सगळे नाकं मुरडत असतील तर पाणी उकळतं ओतू नका, ग्रीन टीला ऐंशी डिग्रीच्या आसपास पुरे, उकळून दोन-चार मिनिटं थांबा मग ओता. सासूबाईंना तरी आवडणार नाही. त्यांना त्यांचा आल्याचा करून द्या.

एक सुचवते. तुम्ही एकट्या वाचता, त्यामुळं हे घरच्यांना जास्तच खूळ वाटतं. तुमच्या भिशीतल्या बायकांना 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर' ह्या चिनी कादंबरीतली वांग शीफेंग सांगून बघा. मोठ्या एकत्र कुटुंबातली सून, सगळ्या घराचा कारभार हातात, नोकरांचे महिन्याचे पैसे मुद्दाम उशिरा देते आणि मधल्या वेळात ते व्याजानं फिरवते. अठराव्या शतकातली ही बाई आपल्याकडं कुठल्या गल्लीत राहते ते तुमच्या भिशीतल्या बायका लगेच नावानिशी सांगतील. ही कादंबरी १२० अध्यायांची छापली गेली १७९१ ला, पण लेखक त्साओ श्वेछिनचे स्वतःचे पहिले ८० असं सहसा मानतात, पुढच्या चाळीसांवरून वाद आहे. एकेक प्रसंग सांगितलात तरी दोन वर्षं भिशी पुरेल.

पोरगं तेराचौदाचं झालं आणि स्वतःहून म्हणालं आई मला ते अक्षर शिकव, तर शिकवा. नाही म्हणालं तर नाही.

राहिला पुस्तकाचा प्रश्न. गोष्ट सांगायला आर्थर वेलींचं संक्षिप्त इंग्रजी भाषांतर घ्या, १९४२ चं, शंभरातले तीसच अध्याय आहेत, सुरुवातीचे माकडाचे सगळे आहेत, आणि वाचायला हलकं आहे. मधल्या कविता त्यांनी बहुतेक गाळल्यात, पोराला त्याचं काही वाटणार नाही, तुम्हाला वाटेल. मग तुमच्यासाठी अँथनी यू यांचं पूर्ण, चार खंडांचं, २०१२ ची सुधारित आवृत्ती. नवीन घ्यायला महाग पडतं, त्यामुळं एकदम चारही मागवू नका, पहिला खंड घ्या, आधी वाचनालयात विचारून बघा, नाहीच मिळाला तर सेकंडहँड शोधा, आणि क्लासचे जे साडेतीन हजार वाचले ते कुठं घालायचे हे मी वेगळं सांगत नाही.